२९ अंशांवर कोसळणारी माशी

काचेची एक नळी, तोंडाला कापसाचा बोळा, आत पंधरा-वीस माश्या. अतिपिकलेल्या केळ्यावर घोंघावतात तीच बारीक, लाल डोळ्यांची चिलटं. लांबी जेमतेम ३ मिलिमीटर. खोलीचं तापमान २२ अंश सेल्सियस. माश्या काचेवर चढतायत, पुढच्या पायांनी डोळे पुसतायत, एखादा नर पंख थरथरवत मादीच्या मागे लागलाय. नळी २९ अंशांच्या कोमट पाण्यात धरली. काही सेकंद जातात न जातात तोच सगळ्या माश्या तळाला कोसळल्या, मेल्यासारख्या निपचित. नळी पुन्हा २२ अंशांवर आणली आणि त्या उठल्या, पंख सावरले, काचेवर चढू लागल्या.

२९ अंश ही काही जीवघेणी उष्णता नव्हे. साधी माशी या तापमानाला मजेत असते. या माश्यांच्या शरीरात मात्र एक जनुक बिघडलेलं होतं, आणि तो बिघाड थंडाव्यात दडून राहायचा, उबेत प्रकट व्हायचा.

हे काम कॅनडात, व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. १९७१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सुझुकी जन्माने कॅनडाचे, वंशाने जपानी. दुसऱ्या महायुद्धात कॅनडा सरकारने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना छावण्यांमध्ये डांबलं, त्यात लहानगा डेव्हिडही होता. पुढे दूरचित्रवाणीवरचे निसर्गविषयक भाष्यकार म्हणून त्यांचं नाव घराघरांत पोहोचलं, आणि बहुतेकांना ते तेवढ्यासाठीच माहीत आहेत. माझ्या लेखी त्यांचं सर्वांत मोलाचं देणं म्हणजे या कोसळणाऱ्या माश्या.

(आपल्याकडे आंब्या-पेरूच्या बागायतदाराला ‘फळमाशी’ म्हटलं की आठवते ती वेगळी, ती मोठी आणि नासधूस करणारी. इथली माशी म्हणजे ड्रोसोफिला. तिचा कुणाला फारसा उपद्रव नाही, ती दहा-बारा दिवसांत पिढी पुरी करते आणि मक्याच्या पिठाच्या, यीस्टच्या लापशीवर बाटलीत सुखाने वाढते. शंभराहून अधिक वर्षं आनुवंशशास्त्र तिच्या जिवावर उभं आहे.)

सुझुकींच्या मनातला विचार असा होता. एखादं अत्यावश्यक जनुक पार मोडलं तर प्राणी अंड्यातच मरतो, मग अभ्यासायचं काय? त्याऐवजी जनुकात असा सूक्ष्म बदल हवा, की त्यापासून बनणारं प्रथिन थंडाव्यात आपला आकार धरून काम करील आणि तापमान थोडं चढताच ढिलं पडेल. जंतूंमध्ये आणि जंतूंना खाणाऱ्या विषाणूंमध्ये असे तापसंवेदी बदल आधीच सापडले होते. सुझुकींनी ते माशीत शोधायला घेतले. नरांना साखरपाण्यातून जनुकं बदलणारं रसायन पाजायचं, त्यांची संतती वाढवायची, हजारो माश्या उबेत ठेवायच्या आणि त्यातली पडलेली तेवढी वेचायची. पहिली सापडली तिचं नाव ‘पॅरा’. आणखी शोध घेताना १९७३ मध्ये दुसरी एक नोंदली गेली. तिला त्यांनी जपानी नाव दिलं, ‘शिबिरे’, म्हणजे बधिर झालेली.

शिबिरेही २९ अंशांवर पडायची. पण ती पॅरासारखी तडकाफडकी पडत नसे. नळी उबेत गेल्यावरही ती काही वेळ चालत राहायची, मग लटपटायची आणि एक-दोन मिनिटांनी कोसळायची. हा उशीर ध्यानात ठेवावा. सगळं रहस्य त्या उशिरात दडलेलं होतं आणि ते उलगडायला जवळजवळ वीस वर्षं लागली.

त्या काळी मेंदूचा अभ्यास करण्याचा मुख्य मार्ग होता तो मेंदूला इजा करण्याचा. कार्ल लॅशली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने उंदरांना चक्रव्यूहातून वाट काढायला शिकवलं, त्यांच्या मेंदूच्या वरच्या थराचे तुकडे काढले आणि आठवण नेमकी कुठे असते ते शोधत राहिले. कित्येक वर्षांच्या खटाटोपानंतर १९५० च्या निबंधात त्यांनी जवळजवळ हात टेकले. कुठलाच एक तुकडा काढून आठवण जात नव्हती. जखमेची ही मर्यादा आहे. मेंदूचा भाग कापला आणि प्राण्याला जमेनासं झालं, तर त्या भागाचा संबंध आहे एवढंच कळतं. तो भाग शिकताना लागतो, शिकलेलं जपायला लागतो, की आठवायला लागतो? एकदा कापलेला भाग परत जोडता येत नाही, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर जखम कधीच देऊ शकत नाही. हवी होती अशी युक्ती, की मेंदूतल्या हव्या त्याच पेशी थोडा वेळ गप्प करता येतील आणि मग त्यांना पुन्हा बोलतं करता येईल.

ती युक्ती सुझुकींच्या बाटलीत होती. पण हे त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं, सुझुकींनाही नाही. माश्या पडत होत्या, एवढंच दिसत होतं. का पडत होत्या? स्नायू ढिले पडत होते, नसांमधून संदेश जात नव्हता, की आणखी काही?

इथे कथा कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला जाते आणि तिथून मुंबईला येते.

पॅसाडेनाच्या कॅलटेक संस्थेत सीमोर बेंझर होते. मूळचे पदार्थवैज्ञानिक, मग विषाणूंच्या जनुकाचा अंतर्भाग मोजून काढणारे आनुवंशशास्त्रज्ञ. दुसरी मुलगी झाल्यावर दोन बहिणींचे स्वभाव इतके निराळे कसे, या प्रश्नाने त्यांना पछाडलं, आणि १९६७ पासून ते माशीच्या वर्तनाची जनुकं शोधू लागले. त्यांचा विद्यार्थी रॉन कोनोप्का याने १९७१ मध्ये दिवस-रात्रीचं घड्याळ बिघडलेल्या तीन प्रकारच्या माश्या काढल्या. कुणाचा दिवस १९ तासांचा, कुणाचा २८ तासांचा, कुणाला दिवसच नाही. तिन्हींत बिघाड एकाच जनुकात होता, आणि त्या जनुकाच्या पुढच्या अभ्यासाला २०१७ चं नोबेल मिळालं. अशा वातावरणात सत्तरच्या दशकात ओबेद सिद्दीकी बेंझर यांच्याकडे पाहुणे म्हणून काम करत होते.

सिद्दीकी हे आपल्या विज्ञानाच्या इतिहासातलं फार मोठं नाव, आणि मराठी वाचकांना ते पुरेसं परिचित नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. जन्म १९३२ चा, उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातला. अलीगढला शिक्षण, ग्लासगोला डॉक्टरेट, मग अमेरिका. तिथे जनुकाच्या संकेतातल्या ‘इथे थांबा’ सांगणाऱ्या खुणांवर त्यांनी अॅलन गॅरेन यांच्यासोबत महत्त्वाचं काम केलं. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी त्यांच्याबद्दल होमी भाभांना सुचवलं, आणि १९६२ मध्ये भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारायला बोलावलं. कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून असलेल्या त्या इमारतीत गणित आणि अणुविज्ञान चालायचं. तिथे आता जंतू आले, आणि पुढे माश्यांच्या बाटल्याही.

सिद्दीकी आणि बेंझर यांनी तापसंवेदी माश्यांचा प्रश्न हाती घेतला. पॅरा होती, शिबिरे होती, आणि तिसरी एक होती, ‘कोमाटोज’. ही उबेत पडली की थंडाव्यात आणल्यावरही बराच वेळ उठायची नाही. बिघाड शरीरात कुठे आहे, हे कळण्यासाठी त्यांनी वापरल्या त्या अर्धनारीनटेश्वर माश्या. ही कल्पना नाही, खरोखरच्या माश्या आहेत. माशीत दोन एक्स गुणसूत्रं असली की मादी, एक असलं की नर. काही माश्यांमध्ये एका एक्स गुणसूत्राची ठेवण अशी अस्थिर असते, की भ्रूण पहिल्यांदा विभागतानाच ते कुठेतरी गळून पडतं. मग शरीराच्या काही भागातल्या पेशी मादीच्या राहतात, काही नराच्या होतात. या तिन्ही माश्यांचा बिघाड एक्स गुणसूत्रावरच असतो. मादी भागात दुसरं निरोगी गुणसूत्र तो झाकून टाकतं, नर भागात तो उघडा पडतो. म्हणजे एकाच माशीत निरोगी आणि आजारी भाग शेजारी शेजारी नांदतात, आणि कातडीच्या व डोळ्यांच्या रंगांवरून कुठला भाग कुठला ते बाहेरूनच ओळखता येतं. अशा माशीच्या उडण्याच्या स्नायूंत केसासारखी बारीक विद्युत-अग्रं खुपसायची, तिला तापवायचं आणि स्नायूंतली वीज बघायची. नर भागातला स्नायू आजारी असूनही चालतो का? स्नायू निरोगी, पण त्याला हुकूम देणारी नस आजारी असेल तर काय होतं?

१९७६ मध्ये दोघांचा निबंध आला. बोट स्नायूंकडून मज्जासंस्थेकडे वळलं होतं. त्याच वर्षी काझुओ इकेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिबिरेवर आणखी नेमका प्रहार केला. ते कॅलिफोर्नियातल्याच डुआर्टे गावी, सिटी ऑफ होप या संशोधन संस्थेत होते. त्यांना दिसलं की तापलेल्या शिबिरेत नस स्वतः जिवंत आहे, संदेश तिच्या टोकापर्यंत येतोय. स्नायूला थेट झटका दिला तर तोही आकसतोय. पण नसेचं टोक आणि स्नायू यांच्यामधली जी सूक्ष्म फट, जिला चेतासंधी म्हणतात, तिथे संदेश अडतोय. थंड केलं की परत सुरू.

चेतापेशी एकमेकींशी बोलतात त्या बहुतांशी रसायनाने. नसेच्या टोकाशी त्या रसायनाने भरलेल्या बारीक पिशव्या रांगेने उभ्या असतात; शास्त्रीय भाषेत पुटिका. संदेश आला की पिशव्या पेशीच्या पातळ आवरणाला चिकटून फुटतात आणि रसायन फटीत सांडतं. फुटलेली पिशवी आवरणात मिसळून जाते. मग पुढच्या संदेशासाठी नव्या पिशव्या येतात कुठून? सत्तरच्या दशकात बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करणाऱ्यांना दिसलं होतं की आवरणाचाच तुकडा आत खेचून पेशी पिशवी परत मिळवते. पंगतीत वाढपी हजार माणसांना वाढू शकतो ते उष्टे पेले धुऊन परत येतात म्हणून. विहिरीवरचं धुणं थांबलं तर पंगत लगेच उठत नाही, मांडलेले पेले संपेपर्यंत वाढणं चालतं आणि मग ठप्प होतं. शिबिरेच्या एक-दोन मिनिटांच्या उशिराचा उलगडा हाच होता. उबेत पिशव्या परत बनत नव्हत्या, आणि साठा संपेपर्यंत माशी चालत राहायची.

हे डोळ्यांनी दिसलं ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. १९७९ मध्ये पूड्री आणि एडगर यांनी तापवलेल्या शिबिरेच्या नसांची टोकं कापून पाहिली, तर जिथे पिशव्यांचा थवा असायला हवा तिथे जवळजवळ रिकामं होतं. १९८३ मध्ये सिटी ऑफ होपमधले कोसाका आणि इकेदा आणखी जवळ गेले. त्यांच्या छायाचित्रांत पेशीचं आवरण आत ओढलं गेलेलं आहे, अर्धवट पिशवी तयार आहे, पण तिची मान तुटत नाही. मानेभोवती एक गडद कडं आहे. अशा एक नव्हे, रांगच्या रांग पिशव्या, प्रत्येक मानेवर अडकलेली. माशी थंड होताच त्या सुटून आत जातात. मला हे चित्र या साऱ्या कथेतलं सर्वांत विलक्षण वाटतं. जनुकातल्या एका बदलाने जीवनाचा प्रवाह नेमक्या एका क्षणी, पिशवी सुटण्याच्या बेतात असताना धरून ठेवला होता आणि तो छायाचित्रात उभा होता.

कडं कशाचं होतं? उत्तर भलत्याच दिशेने आलं. १९८९ मध्ये अमेरिकेत शेपेट्नर आणि व्हॅली यांनी गाय-बैलांच्या मेंदूतून एक प्रथिन वेगळं केलं आणि त्याला डायनॅमिन नाव दिलं. पेशीतल्या सूक्ष्म नळ्यांना ते चिकटायचं, म्हणून त्यांना वाटलं की हे मालवाहतुकीचं एखादं इंजिन असावं. १९९१ मध्ये दोन गटांनी शिबिरेचं जनुक वाचलं, आणि ते निघालं डायनॅमिनचं! व्हॅन डर ब्लीक आणि मायरोविट्झ हा एक गट, कॅलटेकचाच. दुसऱ्या गटात व्हॅली होते, आणि बारा वर्षांपूर्वी रिकामी टोकं पाहणारे पूड्रीही. डायनॅमिनचे रेणू एकमेकांना धरून पिशवीच्या मानेभोवती वेटोळं करतात, जीटीपी नावाचं इंधन जाळून ते आवळतात, मान तुटते, पिशवी मोकळी. शिबिरेत २९ अंशांवर वेटोळं पडतं, आवळलं जात नाही. कोमाटोजचंही असंच झालं. तिचं बिघडलेलं प्रथिन एनएसएफ निघालं, पिशव्यांच्या वाहतुकीतलं तेच प्रथिन, ज्यावरच्या कामाचा जेम्स रॉथमन यांच्या २०१३ च्या नोबेलमध्ये मोठा वाटा होता.

मुंबईतला धागाही तुटला नव्हता. सिद्दीकींनी आपलं लक्ष वासाच्या आणि चवीच्या जनुकांकडे वळवलं. केनियात जन्मलेल्या, गोवेकर कुटुंबातल्या व्हेरॉनिका रॉड्रिग्ज त्यांच्याकडे संशोधनासाठी आल्या आणि माशीच्या गंधज्ञानाच्या अभ्यासाला त्यांनी जगभर मान मिळवून दिला. पिशव्यांचं काम टाटा संस्थेतच के. एस. कृष्णन यांनी पुढे नेलं. १९९४ मध्ये मणी रामस्वामी आणि रेजिस केली यांच्यासोबत त्यांनी शिबिरेच्या अळीच्या नसांत चकाकणारा रंग भरून पिशव्यांचं येणं-जाणं जिवंतपणी दाखवलं. २००१ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की डायनॅमिनला लागणारं जीटीपी पुरवणारं एक प्रथिन कमी पडलं तरी पिशव्या अडतात. मुंबईतल्या एप्रिल-मे महिन्यात खोलीचं तापमान तिशी सहज ओलांडतं, म्हणजे कुलाब्यात शिबिरे माशी वाढवायची तर थंड खोली बंद पडून चालतच नाही. तिथे काम केलेल्यांचं मला कौतुक वाटतं ते यासाठीही.

इतकं झालं तरी शिबिरे अजून एक आजारी माशीच होती. उबेत तिची सगळी मज्जासंस्था एकदम गप्प होते, आणि सगळंच बंद केलं तर मेंदूच्या कुठल्या भागाचं काम काय, हे कळणार नाही. बिघडलेलं जनुक हव्या त्याच पेशींत घालायची सोय हवी होती. ती १९९३ मध्ये अँड्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरीमॉन यांनी दिली. यीस्टमध्ये गॅल-४ नावाचं एक प्रथिन असतं. ते डीएनएवरची एक ठरावीक खूण ओळखून तिच्या पुढचं जनुक चालू करतं. माशीत ना ते प्रथिन असतं ना ती खूण. या दोघांनी माश्यांचे दोन वंश केले. एकात गॅल-४, पण फक्त ठरावीक पेशींत, समजा डोळ्यांतल्या. दुसऱ्यात ती खूण आणि तिच्या पुढे हवं ते जनुक, पण ते निपचित पडलेलं. दोन वंशांचा संकर केला की पिल्लांमध्ये फक्त डोळ्यांतल्या पेशींत ते जनुक जागं होतं. एका बाटलीतले नर, दुसऱ्या बाटलीतल्या माद्या, दहा-बारा दिवस वाट, एवढंच. गेल्या पन्नास वर्षांत जीवशास्त्राला इतकं साधं आणि इतकं कामाचं दुसरं हत्यार क्वचितच मिळालं असेल.

शेवटचा सांधा तोशिहिरो कितामोतो यांनी जोडला, आणि तोही इकेदांच्याच सिटी ऑफ होपमध्ये. त्यांना ठाऊक होतं की डायनॅमिनचे रेणू एकमेकांना धरून काम करतात. मग बिघडलेले रेणू भरपूर घातले तर ते चांगल्या रेणूंमध्ये मिसळून सगळं वेटोळंच नासवतील, निरोगी जनुकाच्या दोन प्रती शाबूत असल्या तरी. म्हणजे शिबिरेचं जनुक आजाराऐवजी हत्यार म्हणून वापरता येईल. त्यांनी गॅल-४ ची खूण तापसंवेदी शिबिरे जनुकाच्या पुढे जोडली. निकाल २००१ मध्ये छापला गेला. माशीच्या मेंदूत अॅसिटिलकोलीन रसायनाने बोलणाऱ्या पेशी मुख्य असतात. तिथे हे जनुक घातलेल्या माश्या ३० अंशांवर दोन मिनिटांच्या आत पडल्या आणि थंडाव्यात आणल्यावर मिनिटभरात चालू लागल्या. आणि ज्या माश्यांच्या फक्त डोळ्यांतल्या प्रकाशपेशींत ते घातलं होतं, त्या पडल्या नाहीत. त्या उबेत आंधळ्या झाल्या आणि थंड होताच पाहू लागल्या.

आता लॅशलींच्या प्रश्नाकडे परत जाता येत होतं.

माशी शिकते, हे १९७४ मध्ये बेंझर यांच्याच प्रयोगशाळेत क्विन आणि हॅरिस यांनी दाखवलं होतं. ही परीक्षा पुढे टिम टली आणि क्विन यांनी घोटून पक्की केली. सुमारे शंभर माश्या तांब्याच्या जाळीचं अस्तर असलेल्या नळीत सोडतात. नळीतून मिनिटभर एक वास जातो, समजा ऑक्टॅनॉलचा, आणि त्या मिनिटात जाळीतून बारा विजेचे झटके. मग मिनिटभर दुसरा वास, झटके नाहीत. थोड्या वेळाने माश्यांना तिठ्यावर सोडतात. एका बाजूने पहिला वास येतो, दुसऱ्या बाजूने दुसरा. शिकलेल्या माश्यांतल्या बहुतेक झटक्याच्या वासाकडे पाठ फिरवतात. दुसऱ्या शंभर माश्यांवर वास उलटापालट करून हाच प्रयोग करतात, म्हणजे मुळातल्या आवडीनिवडीचा हिशेब वजा होतो.

माशीच्या मेंदूत अळंबीच्या आकाराचे दोन भाग असतात, मशरूम बॉडी म्हणतात त्यांना. प्रत्येकात दोन-अडीच हजार पेशी. १८५० मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ दुजार्दें यांनी कीटकांमधल्या या भागाचं वर्णन केलं आणि त्याचा संबंध बुद्धीशी जोडला. १९९४ मध्ये डी बेल आणि मार्टिन हायझेनबर्ग (भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग यांचे चिरंजीव) यांनी अळीला एक औषध चारून हा भाग वाढूच दिला नाही. अशा माश्यांना वास येत होता, झटका कळत होता, पण दोहोंचा संबंध जोडता येत नव्हता. पुन्हा तीच जखमेची मर्यादा. भाग लागतो हे कळलं. कधी लागतो हे नाही.

अमेरिकेतल्याच कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये जॉश डुबनाऊ आणि टली (कितामोतोंच्या सहकार्याने), तर ह्यूस्टनमध्ये शॉन मॅग्वायर आणि रोनाल्ड डेव्हिस, अशा दोन गटांनी शिबिरेचं जनुक फक्त मशरूम बॉडीत घातलं. मग प्रयोग वेळेशी खेळण्याचा होता. एका गटाला शिकवताना उबेत ठेवायचं आणि तीन तासांनी परीक्षा थंडाव्यात घ्यायची. दुसऱ्याला थंडाव्यात शिकवायचं, आणि परीक्षेच्या वेळी ऊब द्यायची. सोबत ज्यांच्यात ते जनुक नाही अशा माश्या त्याच तापमानातून न्यायच्या, कारण उबेचाच परिणाम असेल तर त्यांच्यातही तो दिसायला हवा.

शिकताना मशरूम बॉडीचा आवाज बंद होता, तरी माश्या शिकल्या. थंडाव्यात विचारलं तेव्हा त्यांनी बरोबर उत्तर दिलं. मधल्या काळात, आठवण जपण्याच्या वेळीही तो आवाज बंद ठेवला तरी बिघडलं नाही. पण परीक्षेच्या क्षणी बंद केला, आणि आठवण दिसेनाशी झाली. दोन्ही गटांचे निबंध २००१ मध्येच, एक ‘नेचर’मध्ये, एक ‘सायन्स’मध्ये आला. मशरूम बॉडीच्या पेशींनी पुढे काही बोलणं हे शिकण्यासाठी आवश्यक नव्हतं, आठवण्यासाठी होतं. म्हणजे त्या तीन तासांच्या आठवणीचा ठसा त्या पेशींमध्येच किंवा त्यांच्या आधीच्या टप्प्यावर उमटत असणार, आणि तो वाचून काढायला त्यांचं बोलणं लागतं. शिकणं आणि आठवणं ही मेंदूतली दोन वेगळी कामं आहेत, हे आपण अनुभवाने मानत आलो होतो. जिवंत मेंदूत नेमक्या पेशींपाशी, मिनिटांच्या हिशेबाने ती वेगळी करून पाहता आली ती या माश्यांमुळे.

मी हे हत्यार निर्दोष आहे असं म्हणणार नाही. डोळ्यांतल्या पेशींत हे जनुक जास्त प्रमाणात घातलं तर पेशीची आतली नळ्यांची रचना बिघडते, असं पुढे दिसलं. शिवाय माशी थंड रक्ताची, तिला उबवता येतं. उंदीर स्वतःचं तापमान स्वतः राखतो, तिथे ही युक्ती चालत नाही. २००५ पासून शेवाळातल्या प्रकाशसंवेदी प्रथिनांनी चेतापेशी दिव्याने चालू-बंद करण्याचं तंत्र आलं आणि उंदरांच्या अभ्यासाचं रूप पालटलं. २०२४ मध्ये माशीच्या सबंध मेंदूचा नकाशा छापला गेला, १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यामधले सुमारे ५ कोटी सांधे. कोण कुणाला जोडलेला आहे ते नकाशा सांगतो. कुठली पेशी कधी बोलली म्हणून काय घडलं, हे विचारायचं तर तिला गप्प करून पाहावंच लागतं, आणि त्यासाठी आजही कितीतरी प्रयोगशाळा दोन बाटल्यांतल्या माश्यांचा संकर करून नळी उबेत धरतात.

माणसातही डायनॅमिनचं जनुक आहे. मेंदूत मुख्यतः चालतं त्याला डीएनएम-१ म्हणतात. २०१४ मध्ये कळलं की काही मुलांना तान्हेपणापासून येणाऱ्या, औषधांना न जुमानणाऱ्या फेफऱ्याचं कारण या जनुकातला नव्याने झालेला बदल असतो. आईवडिलांत तो नसतो. मुलाकडे दुसरी निरोगी प्रत असते, तरी आजार होतो, कारण बिघडलेले रेणू चांगल्या रेणूंच्या वेटोळ्यात शिरून ते नासवतात. कितामोतोंनी माशीत मुद्दाम घडवून आणलं होतं, नेमकं तेच. ‘फिटफुल’ नावाच्या उंदरांच्या एका वंशात असाच बदल आहे आणि ज्या पिल्लांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात ती झटके येऊन मरतात. २०२० मध्ये अशा पिल्लांच्या मेंदूत जन्मतःच एक निरुपद्रवी विषाणू सोडून बिघडलेल्या प्रतीचा संदेश दाबण्यात आला. पिल्लांचे झटके कमी झाले, ती अधिक दिवस जगली आणि त्यांची वाढही सुधारली.